डाव्या बाजूची जागा

चांगदेव घरत बत्तीस वर्षं एकाच फुटबॉल संघाचा कोच होता. त्या बत्तीस वर्षांत त्याचा संघ वरच्या विभागात चढला तो एकदाच, आणि तोही एका मोसमापुरता. पुढच्या वर्षी खाली आला, तो कायमचा. मुंबईच्या लीगमधला हा अगदी तळचा विभाग. इथल्या सामन्यांची बातमी कुठे छापून येत नाही. बघायला असतात ते दोन्ही संघांचे राखीव खेळाडू, कुणाचा तरी मेहुणा आणि सावली शोधत आलेला एखादा शेंगदाणेवाला.

चांगदेवचं गाव धाकटी खार, उरण तालुक्यात. त्याचा आजा आणि बाप दोघंही मिठागरात राबले. पुढे न्हावा शेव्याला बंदर आलं, भराव पडला, खाडीचं पाणी आत यायची वाट बुजली आणि गावामागची मिठागरं जागच्या जागी मेली. जमिनी गेलेल्या घरांतून एकेका माणसाला बंदरात नोकरी मिळाली. घरतांच्या घरातून ती चांगदेवला मिळाली. गेटवर उभं राहायचं, आत येणाऱ्या ट्रेलरवरच्या कंटेनरचा नंबर बघायचा, सील शाबूत आहे की नाही ते बघायचं आणि पुढे सोडायचं, हे त्याचं काम. निवृत्त होईपर्यंत त्यानं तेच केलं. पण गावात त्याला गेटवरचा चांगदेव असं कुणी म्हटलं नाही. आधी तो चांगूकोच होता, केस पिकल्यावर चांगूनाना झाला.

फुटबॉल त्याला मुंबईनं दिला. अठराव्या वर्षी तो मामाच्या मागोमाग लाँचनं मुंबईला गेला आणि तिथल्या गोदीत हमालीला लागला. गोदी कामगारांचा एक संघ होता. संघात डाव्या पायानं खेळणारा कुणी नव्हता, म्हणून या उजव्या पायाच्या पोराला त्यांनी डाव्या बाजूला उभं केलं. सात वर्षं तो तिथे खेळला. बॉल डाव्या पायावर आला की आधी तो उजवीकडे घ्यायचा, मग मारायचा, आणि तेवढ्यात समोरचा अंगावर आलेला असायचा. त्याच्याकडून होऊन होऊन दीड सेकंद उशीर व्हायचा. फुटबॉलमध्ये दीड सेकंद म्हणजे काय हे खेळलेल्यालाच कळतं.

बंदरात नोकरी लागून तो गावी परतला आणि वर्षभरात त्यानं गावदेवी स्पोर्ट्स काढला. गावात तोवर कबड्डी होती, क्रिकेट होतं. एवढ्या मोठ्या बॉलला नुसत्या लाथा काय मारायच्या, असं म्हणून माणसं हसली. मैदान म्हणून त्याला मेलेलं मिठागरच मिळालं. पांढरट, टणक, गवताचं पातं नाही. पोरगं पडलं की गुडघा सोलवटायचा आणि त्यात मातीतलं मीठ जाऊन असं चरचरायचं की शहाणं पोर दुसऱ्यांदा पडत नसे. चांगदेव म्हणायचा, आमच्या पोरांचा तोल चांगला आहे, त्याचं श्रेय मला नको, मिठाला द्या. पण त्या मैदानाचा तोटाही होता. त्यावर बॉल फरशीवर सुटल्यासारखा पळायचा. तसल्या पळत्या बॉलची सवय लागलेली पोरं मुंबईच्या चिखलाच्या मैदानावर गेली की त्यांचे पास अर्ध्या वाटेतच बसायचे. मग चांगदेव सामन्याच्या आदल्या आठवड्यात खाडीतून पाणी आणून मैदानाचा एक कोपरा भिजवायचा आणि पोरांना त्या रेंद्यात पळवायचा. बायको सगुणा म्हणायची, लोक शेतात पाणी घालतात, आमचे हे खारात घालतात.

संघ मात्र त्यानं उभा केला. गोलकीपर त्याला कोळीवाड्यातून मिळाला, कारण सरकता मासा धरणारा हात बॉलही धरतो असं त्याचं मत होतं, आणि ते खरं ठरलं. राइट बॅकला दयाराम होता, काटक आणि चिकट. समोरच्याची पाठ सोडायचाच नाही. पुढे गोल मारणारी पोरंही येत गेली. एकच जागा कधी भरली नाही. डाव्या बाजूला, रेषेला धरून पळणारा आणि डाव्या पायानं बॉल आत टाकणारा माणूस त्याला कधी मिळाला नाही. तो शेजारच्या गावांतून हिंडला, शाळांच्या पटांगणांवर उभा राहिला, पोरं जेवताना कोणत्या हातानं घास घेतात तेसुद्धा बघून झालं. दर मोसमात तो कुणातरी उजव्या पायाच्या पोराला तिथे उभं करायचा आणि त्या पोराचा दीड सेकंद वाया गेलेला बघत बसायचा.

आणि तो डावा पाय त्याच्या घरातच होता.

चांगदेवला दोन मुलं. थोरला निकेत आणि त्याच्यामागची तीन वर्षांनी लहान अमिषा. सातव्या-आठव्या वर्षापासून अमिषा पाण्याची कळशी घेऊन मैदानावर यायची. बाहेर गेलेला बॉल ती उचलून आणत नसे, लाथेनं परत धाडायची, आणि तो ज्याच्याकडे धाडायचा असेल त्याच्याच पायाशी जाऊन थांबायचा. दहाव्या वर्षी ती सरावात उतरायला लागली. अकराव्या वर्षी कॉर्नर मारायला लागली. चांगदेवनं तिला मुद्दाम काही शिकवलं नाही. तो पोरांना सांगायचा ते ती ऐकायची, आणि पोरं चौथ्या दिवशी करायची ते ती दुसऱ्या दिवशी करायची. गावातल्या बायका सगुणाला म्हणायच्या, तुझी पोर उन्हानं करपली. सगुणा म्हणायची, करपू दे, घरात बसून तरी काय गोरी होणार आहे.

दोन हजार सहा सालच्या डिसेंबरात, अमिषा तेरा वर्षांची असताना, मोसमाआधी संघातल्या संघात एक सामना झाला. एका बाजूला एक पोर कमी पडत होतं, म्हणून चांगदेवनं अमिषाला डाव्या बाजूला उभं केलं. तिच्यासमोर दयाराम होता, चोवीस वर्षांचा, ऐन भरातला. पहिल्या वेळी ती त्याच्या बाहेरून गेली. दयाराम हसला. दुसऱ्या वेळी त्यानं बाहेरची वाट बंद केली तर ती आतून गेली. तिसऱ्या वेळी तो हसत नव्हता, अंगानं पुढे आला. तिनं बॉल त्याच्या दोन पायांमधून काढला, रेषेपर्यंत नेला आणि डाव्या पायानं असा आत टाकला की पुढच्या पोराला नुसतं डोकं लावायचं काम उरलं.

चांगदेव शिट्टी वाजवायची विसरला. गोल झाला होता, पोरं थांबून त्याच्याकडे बघत होती आणि तो रेषेकडे बघत होता. गोदीत खेळायचा तेव्हापासून, वीस-बावीस वर्षं ज्या गोष्टीचं चित्र तो डोक्यात घेऊन हिंडत होता, ती आत्ता डोळ्यांसमोर होऊन गेली होती.

त्याच संध्याकाळी क्लबचा अध्यक्ष सदाशेट म्हात्रे त्याच्या पडवीत येऊन बसला. सदाशेट वाईट माणूस नव्हता. संघाची लाँचची तिकिटं, पोरांचा वडापाव, दरवर्षीची नोंदणी हे सगळं त्याच्याच आधारावर चालायचं. तो चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठताना म्हणाला, "चांगू, पोर मोठी झाली. अंगाला अंग लागतं खेलात. आता बरं दिसत नाय."

चांगदेवनं त्याला अंगणापर्यंत पोचवलं. सदाशेट गेल्यावर तो आत जाऊन सगुणाला म्हणाला की उद्यापासून अमिषाला मैदानावर धाडू नको, तूच समजावून सांग. सगुणा भाकऱ्या करत होती. तिनं मान वर न करता सांगितलं की तुमची खेळाडू आहे, तुम्हीच सांगा.

अमिषा मागच्या दारी पायांवर पाणी घेत होती. गुडघा सोलवटला होता, तरी ती गुणगुणत होती. चांगदेव उंबऱ्याशी उभा राहिला. गाव काय म्हणतं ते सांगायचं असं ठरवूनच तो गेला होता. पण तिच्या तोंडाकडे बघितल्यावर त्याला पुढचं दिसलं. ती म्हणणार, बोलू दे गावाला, तू कोच हायस ना? कोच तोच होता. सदाशेटला नाही म्हणायचं त्याच्याच हातात होतं, आणि ते त्याला जमणार नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं.

"उद्यापासून ग्राउंडवर नको येऊस, बाय," तो म्हणाला.

"का?"

"तुजा खेल पोरांच्या बरोबरीचा नाय. आतापरयंत ठीक होतं. म्होरं नाय जमाचा तुना."

अमिषानं तांब्या खाली ठेवला. तिला रडू आलं नाही. ती विचारात पडली. मग तिनं विचारलं, "कुठं चुकतंय ते सांग ना बाबा. मी सुधारीन."

"सुधारन्यातलं नाय ते," चांगदेव म्हणाला आणि आत निघून गेला.

चांगदेवची एक ख्याती होती. तो पोरांना कधी खोटं सांगायचा नाही. ज्याला खेळवायचं नाही त्याला तो बाजूला घेऊन तोंडावर सांगायचा की तुझं अमुक कच्चं आहे, म्हणून तू आज बाहेर. पोरं रागवायची, पण विश्वास ठेवायची. नाना बोलला म्हणजे तसंच असणार. अमिषानं त्याला तसं सांगताना शंभर वेळा ऐकलं होतं. म्हणून तिनंही विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती मैदानाकडे फिरकली नाही. कळशी न्यायलासुद्धा नाही. महिनाभर ती इतकी मलूल होती की पोरीला बरं नसावं असं सगुणाला वाटायचं.

त्या वर्षी डाव्या बाजूला चांगदेवनं निकेतला उभं केलं. निकेत उजव्या पायाचा, आणि त्याचं मन गाड्यांत. बापाच्या शब्दाखातर तो चार मोसम खेळला. मग एक दिवस बूट दारामागे ठेवून त्यानं सांगितलं की आता बस, आणि तो मित्राबरोबर ट्रेलरच्या धंद्यात पडला. चांगदेवनं त्याला अडवलं नाही. उलट घरात बूट दिसेनासे झाले तेव्हा त्याला थोडं सुटल्यासारखं वाटलं.

दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत गावदेवी स्पोर्ट्स पुन्हा एकदा वर चढायच्या बेतात आला. चौदा वर्षांनी. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरणार होती. सामना मुंबईत, सकाळी नऊला. उरणजवळच्या मोरा बंदरातून साडेसहाची लाँच धरायची, तासाभरात भाऊच्या धक्क्याला उतरायचं, तिथून मैदान जवळ. एवढ्या वर्षांत संघ असाच जात आला होता. आदल्या संध्याकाळी चांगदेव जर्सी मोजून पिशवीत भरत होता. अमिषा तेव्हा मुंबईच्या कॉलेजात शिकत होती आणि रोज लाँचनंच जायची. ती दारातून म्हणाली की काल पौर्णिमा झाली, उद्या पहाटे उधाणाची ओहोटी आहे, पाणी फार मागे जाईल, साडेसहाची लाँच धक्क्याला लागायची नाही, तुम्ही रस्त्यानं जा.

मिठागरवाल्याच्या पोराला भरती-ओहोटी कुणी सांगायला नको. तिथी त्यालाही माहीत होती. पण लाँचवाल्यानं दुपारी त्याला सांगितलं होतं की लागेल, आणि शिवाय तो त्या वेळी संघ ठरवण्याच्या नादात होता. त्याच्या विचारात दुसऱ्या कुणी बोट घातलेलं त्याला चालत नसे. तो इतकंच म्हणाला, "माजं मी बघतू. तू जेव जा."

सकाळी सोळा माणसं मोऱ्याच्या धक्क्यावर उभी होती आणि लाँच दूर पाण्यात उभी होती. मधे नुसता चिखल चमकत होता. साडेसहाचे सात झाले. सव्वासातला चांगदेवनं धावपळ करून भाजीचा एक टेम्पो ठरवला, पोरं मागे उभी राहिली आणि पनवेल, वाशीवरून ते मुंबईकडे निघाले. मैदानावर पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. समोरचा संघ कपडे बदलून जायच्या तयारीत होता. रेफरीनं अर्धा तास वाट बघून वॉकओव्हर दिला होता. चांगदेवनं हात जोडले, पण नियम नियमच. दयारामचा तो शेवटचा मोसम होता. टेम्पोत परत येताना त्यानं पायातले बूट काढले आणि शेजारच्याला विचारलं की तुझ्या मापाचे आहेत का.

तो घरी आल्यावर अमिषानं नुसतं ताट वाढून ठेवलं. त्या दिवशी चांगदेवला ती काहीतरी बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर संघ दहा वर्षं चालला, पण नुसता चालला. गावात पैसा आला, ट्रेलर आले, टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धांना बक्षीस म्हणून मोटरसायकली लागायला लागल्या. फुटबॉलला कोण विचारतो? शेवटी दोन हजार बावीस साली मेलेल्या मिठागराची जमीन मालकांनी विकली. तिथे कंटेनर ठेवायचं यार्ड होणार होतं. मैदान नाही तर संघ नाही. जानेवारीत जुन्या पोरांनी ठरवलं की कुंपण पडायच्या आत त्याच मैदानावर नानाचा सत्कार करायचा.

दुपारी चारला मांडव घातला होता. शाल, श्रीफळ, फोटोची मोठी फ्रेम. सदाशेट आता थकला होता, काठी टेकत आला आणि पहिल्या रांगेत बसला. अमिषा तिचा नवरा रितेश याच्याबरोबर उलव्याहून आली होती. न्हावा शेव्याला मालाची आयात-निर्यात बघणाऱ्या एका ऑफिसात ती नोकरीला होती. ती सगुणाशेजारी बायकांमध्ये बसली. एकेकानं उठून भाषण केलं. गोलकीपर बोलला आणि रडला. मग दयाराम उठला. आता त्याचे सहा ट्रेलर होते आणि पोट सुटलं होतं. त्यानं माईक हातात घेतला आणि लोकांना हसवायला लागला.

तो म्हणाला की मी पंधरा वर्षं राइट बॅक खेळलो, मुंबईचे मोठमोठे विंगर माझ्यासमोर आले, पण एका सामन्यात तीनदा मला कुणी चकवलं नाही. एक सोडून. "आनि ती एक कोन, ठावं हाय? ही बसलीय आमच्या नानाची पोर. तेरा वर्सांची होती. तीन टाइम गेली मना टाकून. त्या रातचा मी जेवलो नाय. नाना त्या दिवशी मना बोलला होता, दया, असा डावा पाय मी उभ्या जन्मात बघितला नाय."

माणसं हसली, टाळ्या पडल्या. दयारामला वाटलं आपण नानाच्या लेकीचं कौतुक केलं. चांगदेवची नजर बायकांच्या बाजूला गेली. अमिषा हसत नव्हती. ती त्याच्याकडेच बघत होती.

त्यानं खरंच तसं म्हटलं होतं. सामना संपल्यावर, सदाशेट पडवीत यायच्या दोन तास आधी, मैदानावरून परतताना. तो ते विसरूनही गेला होता.

सत्कार आटोपून सगळे घरी आले. रितेश बाहेर गाडीपाशी कुणाशी तरी बोलत उभा होता. चांगदेव पडवीत खुर्चीवर बसला होता, अंगावर अजून शाल होती. अमिषा समोर येऊन उभी राहिली.

"दयादादा बोलला ते खरं हाय?"

चांगदेवनं मान डोलावली.

"मग मना तू तसं का बोललास?"

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. सदाशेट आला होता, काय म्हणाला, आपल्याला त्याला नाही म्हणता आलं नाही, आणि तुला खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. सांगताना त्याला कळत होतं की हे सगळं किती लहान दिसतं आहे. एक माणूस चहा प्यायला आला आणि एक वाक्य बोलून गेला, एवढंच तर होतं.

अमिषा सावकाश बोलायला लागली, आवाज न चढवता.

"तू सांगितलं असतंस ना, का गाव बोलतं, तर मी गावाशी भांडले असते. तुज्याशी भांडले असते. हरले असते कदाचित. पण तू बोललास मना येतच नाय. मग मी भांडू कुणाशी?" ती थांबली. "आणि बाबा, ते फक्त खेळापुरतं नाय राहिलं. कॉलेजात काय कठीण आलं, ऑफिसात वरची पोस्ट निघाली, का मना पहिलं तेच आठवायचं. आपल्याला वाटतं आपल्याला जमतंय, पण जाणकार माणसाला दिसतं का जमत नाय. दोनदा मी फॉर्मच भरला नाय."

चांगदेवनं माफी मागितली. त्याच्या तोंडून ती नीट आली नाही, अर्धी आली. अमिषानं ऐकून घेतली. ती म्हणाली की आता मी निघते, रितेश थांबलाय. जाताना तिनं नेहमीसारखा वाकून नमस्कारही केला, आणि त्या नमस्कारानं चांगदेवला जेवढं लागलं तेवढं दुसऱ्या कशानं लागलं नसतं.

सगुणा आतून ऐकत होती. ती बाहेर आली, खाली बसली आणि म्हणाली, "मना वाटलं तुमी खरंच बोललाव तिला. मना खेलातलं काय कलतं? मीच तिला सांगत होते, बाबा बोलतो ते तुज्या भल्याचं हाय."

पुढे काही महिने अमिषाचं येणं कमी झालं. भांडण नव्हतं. फोन यायचा, आईची चौकशी व्हायची, औषधं यायची. गणपतीला ती आली, मोदक केले, सगळ्यांशी हसून बोलली. बापाशीही बोलली, पाऊस आणि रस्ते याविषयी. चांगदेवनं एकदा धीर करून विचारलं की उलव्याला आता बायकांसाठीही फुटबॉलचं टर्फ झालंय म्हणतात, रविवारी जाऊ या का, नुसता बॉल मारू. ती म्हणाली, "नको बाबा. पाय राहिले नाय आता. आणि हौस पण नाय राहिली." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला काही करता आलं असतं.

मग तो एकटाच गेला. रविवारी सकाळी एसटीनं उलव्याला जायचं, जाळीबाहेर उभं राहून पोरींचा सराव बघायचा आणि परत यायचं. तिथल्या तरुण कोचनं एकदा ओळख करून घेतली, आत बोलावलं, म्हणाला की काका, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंय, आमच्या पोरींना दोन शब्द सांगा. पोरी अर्धगोल करून उभ्या राहिल्या. बत्तीस वर्षांत त्यानं हजार वेळा असं भाषण केलं असेल. त्या दिवशी त्याला शब्द सापडेनात. तो म्हणाला की छान खेळता, बुटांच्या नाड्या घट्ट बांधा, आणि जाळीबाहेर आला. त्यानंतर तिथे गेला नाही.

तो निवृत्त झाल्यावर, मागच्या वर्षी, एका शनिवारी अमिषाचा फोन आला. चांगदेवच्या पेन्शनचे काही कागद तिच्या ऑफिसकडच्या एका बँकेत द्यायचे होते. ती म्हणाली की तू अकराला ये, मी सोडते बँकेत, पण थोडं थांबावं लागेल. चांगदेव साडेदहालाच पोचला. शिपायानं त्याला काचेबाहेरच्या बाकावर बसवलं.

चाळीस वर्षं बंदराच्या कामात आणि बंदराच्या आसपास काढूनही, आपली मुलगी नेमकं काय काम करते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं. काचेतून दिसत होतं. सात-आठ जण टेबलांवर होते आणि ती मधे उभी होती. कुठलंसं जहाज लवकर लागलं होतं, सगळ्यांचे फोन एकदम वाजत होते. ती कुणावर ओरडत नव्हती. एकाच्या हातातलं काम काढून ती दुसऱ्याला देत होती, तिसऱ्याला गप्प बसवत होती, आणि कोण रिकामा आहे ते तिला मान न वळवता कळत होतं. एक मुलगी गांगरून उभी होती. अमिषा तिच्यापाशी गेली, स्क्रीनवर बोट ठेवून काहीतरी दाखवलं आणि ती करेपर्यंत शेजारी थांबली.

मैदानावर अशी माणसं चांगदेवनं आयुष्यात दोन किंवा तीन बघितली होती. त्याच्या तोंडाशी वाक्य आलं. ते कौतुकाचं होतं आणि शंभर टक्के खरं होतं. पण तिच्याविषयी मत द्यायचा आपला हक्क आता उरला नाही, असं त्याला वाटलं. ज्यानं एकदा खोटा दाखला दिला, त्याच्या खऱ्या दाखल्याला कोण विचारतं?

ती सव्वाअकराला बाहेर आली, पर्स खांद्याला लावत.

"लय थांबायला लागलं का?"

"नाय," तो म्हणाला. मग जिना उतरताना म्हणाला, "हे तुजं काम काय असतं नक्की? मना सांगशील?"

अमिषानं त्याच्याकडे वळून बघितलं. तो मस्करी करत नव्हता. बँकेपर्यंत पंधरा मिनिटांची वाट होती, आणि रस्त्यावर ट्रेलरची रांग लागलेली असल्यामुळे ती पाऊण तासाची झाली. ती गाडी चालवत बोलत राहिली. माल कुठून निघतो, कागद कुठे अडतात, चुकीचा एक आकडा पडला तर पेटी कशी महिनाभर पडून राहते, सगळं. चांगदेव ऐकत होता. मधे त्यानं दोन प्रश्न विचारले, आणि दुसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली की हा बरोबर विचारलास.

तेव्हापासून तो फोनवर तिला रोजचं काम विचारतो. ती सांगते, कधी दोन मिनिटं, कधी वीस. फुटबॉलचा विषय दोघंही काढत नाहीत.